क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणी: पट्टी दहा मिनिटांची, अहवाल दुसऱ्या दिवशीचा

माझ्या मावसभावाला एचआयव्हीचे निदान झाले तेव्हा त्याची सीडी-४ संख्या (रोगप्रतिकारक पेशींची रक्तातली मोजणी) शंभराच्या खाली होती. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या, गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांनी क्रिप्टोकॉकल अँटिजेन ही रक्ततपासणी करून आणायला सांगितली आणि ती आम्ही नाशिकमध्ये शरणपूर रस्त्यालगतच्या एका खासगी लॅबमध्ये करून घेतली. त्या तपासणीविषयी आणि लॅबच्या सेवेविषयी त्याच्या परवानगीने लिहीत आहे.

क्रिप्टोकॉकस ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत आढळते. श्वासावाटे ती कित्येकांच्या शरीरात जाते आणि निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. पण सीडी-४ फार घसरल्यावर तीच मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून जीवघेणा मेंदूज्वर होऊ शकतो. या तपासणीचे मोल असे, की डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच बुरशीचा अंश (अँटिजेन) रक्तात सापडू शकतो. भावाला तर काहीच त्रास नव्हता, त्यामुळे घरच्यांना हा खर्च अनावश्यक वाटत होता. अहवाल पॉझिटिव्ह आला.

लॅबबद्दल मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. ही तपासणी कागदासारख्या एका छोट्या पट्टीवर होते. या पट्टीला मोठे यंत्र लागत नाही, ती खोलीच्या तापमानात ठेवता येते आणि दहा मिनिटांत वाचता येते. तरीही नमुना मुंबईच्या मुख्य प्रयोगशाळेत पाठवला गेला आणि अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात पडला. ही गोष्ट पैसे भरताना कोणीही सांगितली नाही. त्याहून खटकले ते हे, की काउंटरवर रांगेतल्या लोकांसमोर ‘ही टेस्ट कशासाठी करताय?’ असे मोठ्याने विचारण्यात आले. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातलेले आहे. एवढे भान लॅबच्या माणसाला असायलाच हवे. रक्त घेणाऱ्या ताई मात्र अतिशय समजूतदार होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला, भावाशी हळू आवाजात बोलल्या आणि एकाच टोचणीत काम केले.

पॉझिटिव्ह आल्यावर, डोके दुखत नसले तरी, मणक्यातले पाणी तपासावे लागते. ते रुग्णालयात काढले आणि त्यावरही हीच पट्टी लावली. तंत्रज्ञांनी ती आम्हाला दाखवली: छोट्या नळीतल्या थेंबभर द्रवात पट्टीचे टोक बुडवलेले, आणि ओल वर चढत गेली तशी एकच रेघ उमटली. ती रेघ पट्टी नीट चालल्याची खूण असते. दुसरी रेघ, अगदी फिकट का असेना, दिसली असती तर तो पॉझिटिव्ह निकाल धरला गेला असता. मेंदूपर्यंत बुरशी पोहोचल्याचे आढळले नाही, म्हणून भावाला फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले: पहिले दोन आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम, मग आठ आठवडे ४०० आणि पुढे २००. मेंदूज्वर निघाला असता तर एआरटीसुद्धा चार ते सहा आठवडे लांबवावी लागली असती, कारण ती घाईने सुरू केल्यास जिवाला धोका वाढतो.

ही तपासणी फक्त एकाच बुरशीसाठी आहे, हेही ध्यानात असू द्यावे. दुसऱ्या एका बुरशीमुळे येणारा तोंडातला पांढरा थर डॉक्टर पाहूनच ओळखतात, हिस्टोप्लाझ्मा या बुरशीसाठी वेगळी तपासणी असते आणि न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या दिल्या जातात.

सीडी-४ दोनशेच्या खाली असेल, तर कोणतेही लक्षण नसतानाही या तपासणीविषयी आपल्या एआरटी केंद्रात आवर्जून विचारावे. खासगी लॅबमध्ये जाणार असाल, तर आधी फोन करून पट्टी तिथेच लावतात की नमुना बाहेरगावी पाठवतात, हे विचारून घ्यावे. त्याच दिवशी अहवाल देणारी लॅब मिळाली, तर मी तीच निवडेन.