रिसर्च पेपर लिहायची कार्यशाळा, दोन दिवस, ५०० रुपये (जेवणासकट)

पहाटे सहाची एसटी धरून गेलतो, म्हणून रिव्ह्यू लिहायचा हक्क हाय. कॉलेजचं नाव टाकत नाही, मले अजून वायवा द्यायचा हाय.

पहिल्या दिवशी जेवणापर्यंत दीपप्रज्वलन, सत्कार, मंग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. पातोडीचा रस्सा मात्र एक नंबर.

खरा माल दुपारी. एक मॅडम आल्या, पीपीटी नाही काही नाही, म्हणे आपापल्या पेपरची पहिली ओळ वाचा. मी वाचली, "कापूस हे भारतातील महत्त्वाचे नगदी पीक असून..." माझ्या मागं तुरीवाला, त्याची बी तीच ओळ, फक्त पीक बदललं! मॅडम म्हणे, हे सगळ्याइले माहीत हाय, तू वावरात काय शोधाले गेलता ते सांग. माझं काम गुलाबी बोंडअळीचं, मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागं ८ पतंग आले की फवारणीचं पाहावं, हे शिफारशीत हायच, मले पाहाचं होतं का त्याच्यानंतर बोंडात अळी किती दिवसांनी दिसते. अन् हा प्रश्न माझ्या पेपरात चौथ्या पानावर लपून बसलेला, बाप्पा.

मंग लाल पेन सुरू. "सापळे योग्य अंतरावर लावले", योग्य म्हणजे किती? जमिनीपासून उंची किती, ल्युअर (सापळ्यातली वासाची गोळी) कधी बदलला? दुसऱ्याले वाचून तसंच लावता आलं पाहिजे. "लक्षणीय वाढ" लिहिलं, पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकते का, ते तपासायचा आकडा) ०.०५ पेक्षा कमी दाखवली, पण वाढ किती झाली ते कुठंच नाही. पोळ्याच्या आठवड्यात पावसानं दोन सापळे पडलते, ते मी गुपचूप गाळलं होतं, तर तेच पहिले लिही म्हणे. अन् तक्ते-आलेख आधी करा, गोषवारा सगळ्यात शेवटी. मी उलटंच करत होतो, म्हणून गोषवाऱ्यात एक अन् निष्कर्षात दुसरंच. बावीस पानं मिरवणाऱ्या एका भाऊले मॅडमनं सांगितलं, डीएनएच्या रचनेचा वॉटसन-क्रिकचा १९५३ चा पेपर जेमतेम पानभराचा हाय. भाऊ गप.

दुसरा दिवस फालतू. एक जण रेटकार्ड घेऊन आलता, सात दिवसांत छापून देतो, गॅरंटी. मी चहाले निघून गेलो.

५ पैकी साडेतीन, तेही त्या तीन तासांचे. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलं, दुरुस्तीचे १०० रुपये मांगून रायले.