गिलक्याच्या मांडवावर फळमाशीचा सापळा: पाच महिन्यांचा अनुभव

जळगावात आमच्या परसात दरवर्षी मृगाच्या पावसावर गिलकी, दोडकी, कारल्याचे वेल मांडवावर चढतात. गेल्या वर्षी गिलकी बोटाएवढी झाली की पिवळी पडून गळायची. पाणी कमी पडतंय असं समजून मी पाणी वाढवत राहिले. शेवटी सासूबाईंनी एक गिलकं चिरलं आणि म्हणाल्या, "गिलकासमा किडा पडनात." आत पांढऱ्या अळ्या, ताटलीत टुणकन उडणाऱ्या.

तेव्हापासून कोवळं फळ रोज निरखते. माशीनं टोचून अंडी घातली की सालीवर डिंकासारखा थेंब दिसतो आणि पुढे फळ तिथेच वाकडं होतं. माशी घरमाशीएवढीच, पण तांबूस आणि पाठीवर पिवळे पट्टे.

औषध फवारायचं नव्हतं. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. मग मधमाश्या सांभाळून फवारायचं तरी कधी? म्हणून यंदा जूनअखेर क्यू-ल्यूरचे, म्हणजे वासानं फळमाशीला ओढणारे, दोन सापळे टांगले. घेताना नीट विचारून घ्या. मला आधी दुकानात मिथाइल युजेनॉलचा दिला होता, तो आंबा-पेरूवरच्या माशीचा. वेलभाज्यांना क्यू-ल्यूरच लागतो.

आठवडाभरात तळाशी माश्यांचा थर साचला, तरी गिलकी सडतच होती. फार वाईट वाटलं. कारण कळलं ते नंतर: या वासाला फक्त नर येतात, अंडी घालणारी मादी नाही. मग सडकी फळं रोज वेचून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकू लागले. अळ्या मातीत शिरून कोष करतात, म्हणून वेलाखालची माती दर आठवड्याला खुरप्यानं हलवली. फळ धरलं की त्याला कागदी पिशवी घातली. सप्टेंबरपासून दहात जेमतेम दोन फळं डागी निघाली. सापळ्यातली ल्यूर दीड महिन्यानं बदलली. नुसत्या सापळ्यानं हे झालं नसतं, पण माश्या वाढल्या की कमी झाल्या हे त्याच्यामुळेच कळायचं.

लाल भुंगेऱ्यांना आणि माव्याला या सापळ्याचा काही उपयोग नाही. भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकले. माव्यावर निंबोळी अर्क मारला, लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून.

कारल्यानं मात्र यंदाही दगा दिला. शेजारच्या ताईंचा भोपळ्याचा वेल आमच्या भिंतीला लागूनच आहे. पुढच्या जूनला तिसरा सापळा त्यांच्याकडे टांगायचं ठरलंय.