मोफत वाचता येते, पण मराठीत लावता येते का? : आठ महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीतील एका फाउंड्रीत सुरक्षा अधिकारी म्हणून काम करताना वाळूतून उडणाऱ्या, फुप्फुसांना घातक सिलिका धुळीविषयीचे संशोधन स्वतः वाचावे आणि त्यातले उपयोगाचे तेवढे मराठीत आणून फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या) विभागातील फलकावर लावावे, या हेतूने मी आठ महिन्यांपूर्वी पबमेड सेंट्रल (वैद्यकीय लेखांचा संग्रह), डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांची सूची) आणि अनपेवॉल ही मोफत संशोधनलेख मिळवण्याची तीन साधने नियमित वापरू लागलो. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही सशुल्क संशोधन नियतकालिके वाचू देणारी योजना सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी कारखान्यातील माणसाला तिचा उपयोग नाही, म्हणून ही वाट.

पहिले काही आठवडे मी पबमेड आणि पबमेड सेंट्रल एकच समजत होतो. पबमेडमध्ये मुख्यत्वे नोंदी आणि सारांश असतात, तर २००० साली सुरू झालेल्या पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण लेख असतात, हे कळल्यावर बराच वेळ वाचला. त्याहून जास्त त्रास शब्दांनी दिला. आपण ज्याला फेटलिंग म्हणतो तो ब्रिटिश वळणाचा शब्द आहे, आणि अमेरिकी लेखांत त्याच कामाला बहुधा ‘कास्टिंग क्लीनिंग’ म्हणतात. ‘मोल्ड’ हा शब्द अमेरिकी वर्णलेखनात टाकून त्याला श्वसनविकार जोडले, तर साच्यांच्या वाळूऐवजी ओलसर घरांतील बुरशीवरचे लेख समोर येतात. एक अख्खा रविवार माझा त्या बुरशीतच गेला. तेव्हापासून मी मोकळ्या शब्दांवर विसंबत नाही. एखादा चांगला लेख सापडला की त्याच्या पबमेडमधील नोंदीतील ‘मेश’ या ठरावीक विषयसंज्ञा पाहतो आणि पुढचा शोध त्यांच्यावरून घेतो.

अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचे छोटे साधन आहे. लेखाच्या पानावर हिरवे कुलूप दिसले की कायदेशीर मोफत प्रत कोठेतरी आहे, राखाडी दिसले की सापडलेली नाही. मात्र ही प्रत अनेकदा लेखकाचे स्वीकृत हस्तलिखित असते, त्यामुळे पृष्ठक्रमांक छापील अंकाशी जुळत नाहीत.

खरी अडचण वाचून झाल्यावर उभी राहते, आणि या साधनांच्या ओळखीत तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मोफत उपलब्ध असणे म्हणजे अनुवादाची मोकळीक असणे नव्हे. ‘सीसी बाय’ या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याचा लेख श्रेय देऊन मराठीत आणता येतो; त्यात ‘एनडी’ (बदल करून प्रसृत करण्यास मनाई) ही अक्षरे असतील तर अनुवाद प्रसृत करण्यासाठी परवानगी लागते. कर्करोगजनक घटकांवरील, आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे अलीकडचे खंड पूर्णपणे मोफत वाचता येतात, पण त्यांवर हीच अक्षरे आहेत. ‘एनसी’ (फक्त अव्यावसायिक वापर) असेल तर खासगी कारखान्याच्या फलकाला व्यावसायिक वापर म्हणायचे की नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. अशा वेळी मी सरळ लेखकाला ईमेल करतो. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यावरील सरकारी संस्थेची स्वतःची प्रकाशने बहुतांशी स्वामित्वहक्कमुक्त आहेत, म्हणून ओली पद्धत (पाण्याने धूळ दाबणे), स्थानिक शोषण यंत्रणा (धूळ जागच्या जागी ओढून घेणारी) आणि मास्क यांवरील माझे फलक प्रामुख्याने त्यांच्यावरच आधारलेले आहेत.

डीओएजेचा मला सर्वाधिक उपयोग झाला तो नियतकालिकाची पारख करण्यासाठी, कारण तेथे नोंद होण्यापूर्वी समीक्षणपद्धती आणि परवाना तपासला जातो. अर्थात नोंद नसलेले प्रत्येक नियतकालिक बनावट ठरत नाही. लेख शोधायला मात्र मी तेथे क्वचितच जातो, आणि परवान्याची ओळ आता सारांशाच्याही आधी वाचतो.