फ्लॅट घेताना: लोक सांगतात ते आणि कागद सांगतो ते

"एरिया चांगला आहे", "बिल्डर नावाजलेला आहे", "इथे पाण्याचा त्रास नाही". मुंबईत फ्लॅट बघायला निघालं की पहिल्याच रविवारी अशी वीस वाक्यं कानावर पडतात. सांगणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. पण ही मतं आहेत, आणि ती चुकली तर हप्ते तुम्हालाच भरायचे असतात. म्हणून प्रत्येक मताशेजारी ते तपासणारा कागद ठेवावा.

क्षेत्रफळ

ब्रोकर म्हणतो, "साडेसहाशेचा टू बीएचके." हा आकडा बहुधा 'सेलेबल' असतो, म्हणजे जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरून वाढवलेले चौरस फूट, आणि सेलेबलला रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात स्थान नाही. २०१६ च्या या कायद्याने कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्या ठरवून दिली आहे: फ्लॅटच्या आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची वगळायची. समजा करारनाम्यात ४१.८१ चौरस मीटर लिहिलं आहे. १०.७६४ ने गुणलं की ४५० चौरस फूट येतात. किंमत १ कोटी ३५ लाख असेल तर ब्रोकरच्या हिशेबाने दर फुटाला २०,७६९ रुपये पडतो, कागदाच्या हिशेबाने ३०,०००. घोटाळा होतो तो दोन फ्लॅटची तुलना करताना: एकाचा सेलेबल दर आणि दुसऱ्याचा कार्पेट दर शेजारीशेजारी मांडला जातो आणि पहिला स्वस्त वाटतो. टेपने खोल्या मोजल्यावर करारापेक्षा थोडं कमी भरलं तर लगेच घाबरू नका. मधल्या भिंतींची जाडी टेपमध्ये येत नाही.

भाव

"याच बिल्डिंगमधला गेल्या महिन्यात पावणेदोन कोटीला गेला." गेला असेल, तर त्याची नोंद असणार. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि सीटीएस (जमिनीचा नगर भूमापन) क्रमांक टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, काढा. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे आकडे असतात. व्यवहार ठरला तो मोबदल्याचा. बाजारभाव हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दराने काढलेला असतो. अनेकजण दुसराच आकडा धरून घासाघीस करायला जातात. एका व्यवहारावर विसंबू नका, त्याच इमारतीतले तीन-चार बघा.

ताबा आणि परवानग्या

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथली चूक नंतर निस्तरत नाही.

"दिवाळीपर्यंत चावी मिळेल" हे मत आहे. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख आणि प्रकल्पावरचे खटले दिसतात. तारीख दोनदा वाढली असेल तर तोंडी दिवाळी कोणती, हे विचारायला हवं. ताबा लांबला तर पैसे व्याजासह परत मागण्याचा हक्क रेराचं कलम १८ देतं, पण तो करारनाम्यातल्या तारखेवर उभा राहतो. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरने १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली तर ते कलम १३ चं उल्लंघन आहे.

"सगळे परवाने आहेत" म्हटल्यावर सीसी, म्हणजे काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, मागून घ्या आणि शेवटचं पान वाचा. ते टप्प्याटप्प्याने वाढवून दिलं जातं. तुमचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर आणि सीसी बाराव्यापर्यंत असेल, तर तुमच्या मजल्याला आज परवानगी नाही. तयार इमारतीत हाच प्रश्न ओसीबद्दल, म्हणजे राहायला जाण्याच्या परवानगीच्या प्रमाणपत्राबद्दल, विचारावा. पार्ट ओसी (इमारतीच्या काही भागापुरती) असेल तर त्यात आपला मजला आहे का ते बघावं.

"लोक पंचवीस वर्षं राहतायत, काही झालं नाही" हे वाक्य फार धीर देतं. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातही लोक वर्षानुवर्षं राहत होते. मंजुरीपेक्षा जास्त बांधलेले मजले बेकायदा असल्याचं २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झालं, आणि तिथे राहण्याची वर्षं कामी आली नाहीत.

रिडेव्हलपमेंटचं आमिष

जुन्या इमारतीत हमखास ऐकू येतं, "वर्षभरात पाडायला घेतील, मोठा फ्लॅट मिळेल." विकासक निवडल्याच्या सभेचं इतिवृत्त, नोंदणी झालेला विकास करारनामा आणि महापालिकेची आयओडी (बांधकामाची प्राथमिक, सशर्त मंजुरी), या तिन्हींपैकी काय हातात आहे ते विचारा. तिन्हींपैकी एकही नसेल तर जास्तीच्या फुटांसाठी आज एक रुपयाही मोजू नये. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागा.

पाणी

याचा सरकारी कागद नाही, म्हणून प्रश्नच बदलावा लागतो. शेजाऱ्याला "पाणी कसं आहे?" विचारलं तर "चांगलं आहे" एवढंच हाती लागतं. "किती वाजता येतं, किती वेळ, आणि मे महिन्यात?" असं विचारलं की तेच शेजारी नेमकी माहिती देतात. सोसायटीच्या वार्षिक जमाखर्चात टँकरचा खर्च बघा. तिथे मोठी रक्कम असेल तर पाणी चांगलं नाही. तुंबण्याबद्दलही तसंच: तळमजल्यावरचे मीटर मुद्दाम उंचावर बसवलेत का, पार्किंगच्या भिंतीवर ओलीची रेघ कुठपर्यंत आहे, ते पाहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, हे जुन्या रहिवाशाला अचूक आठवतं.

उजेड, वारा, समोरच्या रस्त्याचा आवाज, शेजार आवडणं न आवडणं, यात मात्र तुमचं मतच चालू द्या. फक्त एकदा रात्री दहानंतर जाऊन या.

हे सगळं टोकन देण्याआधी करायचं आहे. विक्रेत्याची घाई असेल तर टोकनच्या पावतीवर लिहून घ्या: "मालकी हक्क निर्वेध न आढळल्यास किंवा कर्ज मंजूर न झाल्यास संपूर्ण रक्कम परत." तारीख आणि दोघांच्या सह्या त्याच पावतीवर हव्यात.