छोटा फ्लॅट ऐसपैस वाटावा म्हणून: आधी भिंत, आधी फर्निचर की आधी कूलर?

नागपुरात मानेवाडा, बेसा, मनीषनगर या पट्ट्यात वन बीएचके किंवा आटोपशीर टू बीएचके घेतला की ताबा मिळताच प्रश्न पडतो: हाताशी असलेले पैसे किचनची भिंत पाडण्यात घालायचे, फर्निचरमध्ये, की फॉल्स सीलिंगमध्ये? इंटिरिअरचे व्हिडिओ याचं उत्तर देतात खरं, पण त्यात नागपूरचा उन्हाळा धरलेला नसतो. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे माझ्या मते आधी गारव्याची सोय ठरवावी. बाकीचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

दहा बाय अकराची बेडरूम घ्या. खिडकी एकच. मार्चअखेर त्या खिडकीत कूलर बसतो. खाली लोखंडी स्टँड, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, उरलेल्या फटींत थर्माकोल नाही तर पुठ्ठा. मग भर दुपारी ट्यूबलाइट लावून बसायचं. पाऊस सुरू झाला तरी तो अवजड डबा उतरवायचा कंटाळा येतो आणि कूलर दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच राहतो. अशा खोलीला कितीही फिकट रंग द्या, ती कोंदटच वाटणार. घर मोठं वाटायला सगळ्यात जास्त उपयोग मोकळ्या खिडकीचा होतो.

खिडकीतला कूलर, डक्ट कूलर की एसी?

खिडकीतला कूलर घ्यायला आणि चालवायला सगळ्यात स्वस्त. वीज साधारण दोनशे वॅट लागते; दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. पण कूलर खिडकी खातो, आणि हिवाळ्यात तो ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच. एसीत खिडकी मोकळी राहते, काचेतून उजेड येतो, मात्र दारं बंद ठेवावी लागतात, म्हणजे घराचे तुकडे पडतात. बाल्कनीत किंवा इमारतीत पाइपांसाठी सोडलेल्या जागेत डक्ट कूलर, म्हणजे नळीतून हवा आत सोडणारा कूलर, ठेवून व्हेंटिलेटरमधून हवा आत घेणं हा मधला मार्ग. माझी पसंती त्यालाच. खिडकी सुटते, दारंही उघडी राहतात. उलट कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागतेच, नाहीतर खोलीत नुसती दमट चिकचिक होते. पाण्याची लाइन आणि निचऱ्याची सोय मात्र आधी बघून घ्या, आणि बाहेर काही बसवायचं तर सोसायटीलाही विचारा. पावसाळ्यातल्या उकाड्यात कुठलाच कूलर उपयोगी पडत नाही. घरात लहान बाळ किंवा म्हातारी माणसं असतील तर एका बेडरूमपुरता एसी हवाच.

किचनची भिंत: पाडावी की ठेवावी?

साडेचार इंची आठ फुटांची भिंत पाडली तर जमिनीवर जागा मिळते जेमतेम तीन चौरस फूट. बाकीचा फायदा नजरेचा: दारातून आत येताच शेवटच्या खिडकीपर्यंत दिसतं आणि हॉल एकदम मोठा भासतो. हा फायदा खरा आहे, पण त्याची किंमतही तशीच आहे. किचनच्या कपाटांसाठी एक भिंत कमी होते आणि हॉलमध्ये दिवाण टेकवायलाही तीच भिंत लागत असते.

स्वयंपाकाचं काय? सावजी रस्सा किंवा पाटवडीसाठी लाल तिखटाची फोडणी बसली की हॉलमधल्या पाहुण्यांना ठसका लागणार. बाहेर नळी काढलेली चिमणी बसवता येत नसेल तर ओपन किचनच्या भानगडीत पडू नका. शिवाय कूलरचा झोत थेट ओट्यावर आला की गॅसची ज्योत फडफडते. हॉलमध्ये एसी असेल तर त्याला किचनची उष्णताही ओढावी लागते.

म्हणून रोज दोन्ही वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक होणाऱ्या घराला मी काचेचं सरकतं पार्टिशन सुचवीन, किंवा ओट्याच्या उंचीपासून वर तीन फूट रुंदीची खिडकी. उजेड आरपार जातो, फोडणी आत राहते. दोघंच जण, दोघंही नोकरीवर, स्वयंपाक मोजका असेल तर खुशाल भिंत पाडा. कोणत्याही भिंतीला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तर भिंतींवरच छताचा भार असतो. तिथे गवंड्याच्या भरवशावर राहू नका.

फर्निचर: स्लायडिंग की उघडणारं, साधा पलंग की हायड्रॉलिक?

उघडणाऱ्या कपाटापुढे दोन-अडीच फूट मोकळे लागतात. पलंग आणि कपाट यांत तेवढं अंतर नसेल तर स्लायडिंगच करा. पण ट्रॅकमुळे ते कपाट दोन-तीन इंच जास्त खोल करावं लागतं, एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, आणि उन्हाळ्यातली धूळ ट्रॅकमध्ये साचते. जागा असेल तर साधी दारं टिकाऊ.

पाच बाय साडेसहाचा पलंग दहा बाय दहाच्या खोलीचा जवळपास तिसरा हिस्सा घेतो. त्याच्या पोटातली जागा वाया घालवणं परवडत नाही. ड्रॉवर करायचे तर बाजूला दोन फूट मोकळे हवेत. तेवढे नसतील तर हायड्रॉलिक, म्हणजे गादीसकट फळी वर उचलता येणारा. त्यात रजया, पाहुण्यांच्या गाद्या, वाळवणाची प्लास्टिकं ठेवा. वर्षाचे गहू-तांदूळ मात्र तिथे नकोत. कोठीतलं धान्य अधूनमधून बघावं लागतं, आणि दर वेळी गादीसकट फळी कोण उचलणार? धान्यासाठी किचनजवळ उंच, अरुंद कपाट काढा. लकडगंजच्या लाकूड बाजारात प्लायवूड घेताना किचन-बाथरूमलगतच्या कामाला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं), म्हणजे आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. कोरड्या खोलीतल्या कपाटाला एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं, चालतं.

फॉल्स सीलिंगवर फार बोलण्यासारखं नाही. सहा-आठ इंच उंची जाते आणि खोली बुटकी दिसते. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो म्हणून करायचं मनात असेल तर तो पैसा आधी गच्चीवरच्या पांढऱ्या कोटिंगला किंवा चायना मोझॅकला (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांच्या थराला) द्या. आरसा खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर लावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलात तर संध्याकाळी डोळ्यांवर तिरीप येईल. त्या पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावलेली बरी. ऊन काचेच्या बाहेरच अडतं आणि थोडा उजेड आत येत राहतो.

सुताराला ॲडव्हान्स देण्याआधी पलंग, कपाट, सोफा यांच्या मापांचे चौकोन मास्किंग टेपने फरशीवर आखा. आठवडाभर त्या रेषांच्या बाहेरूनच वावरा, कपाटाचं दार उघडल्यासारखं करून बघा, कूलरची हवा कुठून कुठे जाते ते पाहा. जिथे पाय वारंवार रेषेवर पडतो, तिथलं माप तीन-चार इंचांनी कमी करा आणि मगच ऑर्डर द्या.