स्पर्धेचा करंडक की क्लबची खोली? बोलायला शिकायचं असेल तर आधी कुठं जावं

जुलैत कॉलेजच्या सूचना फलकावर वक्तृत्व मंडळाचं पत्रक लागतं. त्याच सुमारास एखादी सिनियर मैत्रीण सांगते, "आमच्या टोस्टमास्टर्सला ये गं एकदा, पाहुणी म्हणून ये, पैसे लागत नाहीत." टोस्टमास्टर्स म्हणजे सभासदांनी मिळून भाषणाचा सराव करायचा क्लब. दोन्हीकडं जायची इच्छा असते, पण प्रॅक्टिकल असतात, क्लास असतात, गावी परतायची शेवटची एसटी असते. एकच निवडायची वेळ येते.

मी कॉलेजची पाच वर्षं वक्तृत्व स्पर्धा केल्या, नोकरीच्या गावी चार वर्षं क्लबात गेले आणि आता शाळा-कॉलेजच्या मुलांची भाषणं बसवून घेते. माझं मत आधीच सांगून टाकते. उभं राहिलं की ज्याच्या घशाला कोरड पडते, त्यानं आधी क्लब गाठावा. बोलताना जो घाबरत नाही, पण तीन मिनिटांत ज्याचे मुद्दे संपतात, त्यानं स्पर्धेत उतरावं.

स्पर्धा काय देते

मराठीत सभेत उभं राहून बोलायला शिकणं ही जुनी गोष्ट आहे. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखांना ज्ञानप्रसारक म्हणत. तिथं तरुण मुलं निबंध वाचत आणि त्यावर चर्चा करत. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. या सगळ्यांत आधी विषय असे आणि मग वक्ता. आजच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं मोठं बळ अजूनही तेच आहे. पत्रकावर पाच विषय येतात आणि त्यातला एक निवडला की ग्रंथालयात बसावंच लागतं.

दुसऱ्या वर्षाला असताना मी घटनेतल्या समतेवरचा विषय घेतला होता. त्या आठ दिवसांत घटना समितीतली भाषणं पहिल्यांदा वाचली. पुढं करंडक मिळाला नाही, पण ते वाचन आजही माझ्या कामी येतं. कुठल्याही क्लबानं मला तेवढं वाचायला लावलं नसतं.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे गर्दी. समोर दोनशे अनोळखी विद्यार्थी, मागं गोंधळ घालणारा एक गट, आवाज करणारा पंखा, हातात धरला की खरखरणारा माईक. हे सगळं झेलून जो बोलायला शिकतो, त्याला गावच्या सभेत किंवा लग्नाच्या मांडवात आयत्या वेळी उभं केलं तरी फरक पडत नाही. आणि मराठी. सलग सात मिनिटं नेटकं मराठी बोलायची सवय आज दुसरीकडं कुठं लागते, मला तरी दिसत नाही.

आता उणी बाजू. स्पर्धेत तीस-पस्तीस स्पर्धक असतात. विसाव्या भाषणापर्यंत परीक्षक थकलेले असतात. संध्याकाळी निकाल लागतो, पहिले तीन आणि उत्तेजनार्थ दोन. बाकीचे प्रमाणपत्र घेऊन एसटी स्टँडकडं निघतात. आपण का हरलो हे त्यांना कुणी सांगत नाही. जिंकलेल्यालाही का जिंकलो ते कळत नाही, आणि हे मला जास्त घातक वाटतं.

एका स्पर्धेत पाचव्या मिनिटाला माझं भाषण पार विसरलं. घंटा वाजेपर्यंत मी नुसती उभी होते. खाली आल्यावर मैत्रिणींनी पाणी दिलं, परीक्षक पुढच्या नावाकडं वळले. ते का झालं हे मला दोन वर्षांनी क्लबात कळलं. मी वाक्यं पाठ केली होती. एक वाक्य निसटलं आणि त्याच्या मागची सगळी माळ तुटली. मुद्दे डोक्यात असते तर दुसऱ्या शब्दांत पुढं गेले असते. एवढी साधी गोष्ट त्याच दिवशी कुणी सांगितली असती, तर माझी दोन वर्षं वाचली असती.

तिसरी अडचण सुराची. "सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक महोदय..." इथून जो चढा सूर लागतो, तो मुलांच्या अंगात मुरतो. मुलाखतीत समोर तीन माणसं बसलेली असतात आणि मूल तीनशे माणसांशी बोलल्यासारखं बोलतं. दर पावसाळ्यानंतर माझ्याकडं अशी एक-दोन मुलं येतात. त्यांचा आवाज खाली आणायलाच महिना जातो.

क्लबात काय होतं

टोस्टमास्टर्सची सुरुवात तरुणांसाठीच झाली. राल्फ स्मेडली हे अमेरिकेत वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेत काम करत होते. तिथं येणाऱ्या तरुणांना चारचौघांत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९०५ मध्ये ब्लूमिंग्टनला त्यांनी पहिला प्रयत्न केला. आजची संस्था मात्र १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनाला सुरू झालेल्या क्लबापासून मोजतात. बायकांना सभासद व्हायला १९७३ उजाडावं लागलं. ज्या क्लबातून मी आज मुलींना उभं राहताना पाहते, त्याचा हा इतिहास मला मुद्दाम सांगावासा वाटतो.

सभा साधारण दीड-दोन तासांची, आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी. दोन-तीन सभासद तयार करून आणलेली भाषणं करतात. पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देणारं, चार ते सहा मिनिटांचं. पुढची बहुतेक पाच ते सात मिनिटांची. स्पर्धेत घंटा वाजते आणि छातीत धस्स होतं. इथं समोर बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड दाखवतो, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. वेळ डोळ्यांनी दिसते, त्यामुळं समेवर यायला सवड मिळते.

मग उत्स्फूर्त फेरी. आयत्या वेळी प्रश्न आणि उत्तराला एक ते दोन मिनिटं. मुलाखतीची याहून चांगली तालीम मला माहीत नाही. कुणीतरी 'अँ', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' किती वेळा आलं ते मोजत असतं. माझ्या पहिल्या भाषणात 'म्हणजे' एकतीस वेळा निघाला. तो आकडा मी अजून विसरलेले नाही.

पण क्लबाचा जीव आहे मूल्यमापनात. तुमच्या भाषणासाठी एक माणूस नेमलेला असतो. तो वही घेऊन फक्त तुमचं ऐकतो आणि नंतर उभा राहून दोन-तीन मिनिटं सगळ्यांसमोर सांगतो की काय पोहोचलं, काय नाही, पुढच्या वेळी काय करून बघ. माझी दोन वर्षं ज्याच्या अभावी गेली, ते हेच. शिवाय पुढच्या सभेत दुसऱ्याचं मूल्यमापन तुम्हाला करायचं असतं. ते करताना कान तयार होतो आणि स्वतःच्या चुका आधी ऐकू यायला लागतात.

उणं इथंही आहे. काही क्लबांत मूल्यमापन इतकं गोड होतं की काही हाती लागत नाही. आधी कौतुक, मध्ये एक चिमूटभर सूचना, शेवटी पुन्हा कौतुक. आणि विषय! माझा प्रवास, माझं अपयश, मी कसा सावरलो. पहिल्या दोन-तीन भाषणांत ते ठीक आहे. पण वीस वर्षांच्या मुलानं वर्षभर स्वतःबद्दलच बोलावं, हे मला मनापासून खटकतं. मी ज्यांना क्लबात पाठवते, त्यांना सांगते की चौथं भाषण पुस्तक वाचूनच करायचं.

किती वेळा उभं राहायला मिळेल?

हा हिशेब जाण्याआधी नक्की करा. पंचवीस सभासदांचा क्लब पंधरा दिवसांनी भरत असेल, तर वर्षात पंचवीस-सव्वीस सभा होतात. प्रत्येक सभेत तीन भाषणं धरली तर एकेकाच्या वाट्याला वर्षात तीनच तयार भाषणं. क्लब दर आठवड्याला भरत असेल तर सहा. बाकी उत्स्फूर्त फेरी, वेळ पाहणं, मूल्यमापन, सभा चालवणं, यातून जवळपास प्रत्येक वेळी उभं राहता येतं. अट एकच, हात वर करायचा. मागच्या रांगेत बसून वर्ष घालवणारे सभासद मी पाहिलेत.

स्पर्धांच्या मोसमात पळणारा विद्यार्थी ऑगस्ट ते जानेवारीत सहज दहा ठिकाणी बोलतो. पण त्यातली सहा भाषणं एकाच भाषणाचे अवतार असतात, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते.

वय, भाषा, पैसा

टोस्टमास्टर्सचं सभासदत्व अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतं. अकरावी-बारावीच्या मुलांची इथं अडचण होते. त्यांच्यासाठी गॅव्हल क्लब असतात. पद्धत तीच, संलग्नताही त्याच संस्थेची, पण मुलं संस्थेची सभासद धरली जात नाहीत आणि तिच्या अधिकृत स्पर्धांत उतरू शकत नाहीत. जवळ गॅव्हल क्लब नसेल तर आणखी एक वाट आहे. आठ सत्रांचा युवा नेतृत्व कार्यक्रम एखाद्या क्लबातले अनुभवी सभासद शाळेत येऊन घेऊ शकतात. मुख्याध्यापकांनी किंवा पालकांनी जवळच्या क्लबाला विचारलं तर बऱ्याचदा कुणीतरी तयार होतं. आठ सत्रांत वक्ता घडत नाही, पण उभं राहायची भीती निम्मी होते.

भाषेचं म्हणाल तर क्लब इंग्रजीतच चालवावा अशी सक्ती नाही. प्रत्यक्षात आपल्याकडचे बहुतेक इंग्रजीत चालतात आणि मराठीत चालणारे मोजके. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इथं दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात, बोलणं आणि इंग्रजी. काहींना ते मानवतं. काही तिसऱ्या सभेनंतर यायचे थांबतात आणि घरी सांगतात की मला बोलता येत नाही. बोलता येत असतं, फक्त इंग्रजी कच्चं असतं. अशा मुलानं आधी मराठीत उभं राहावं, मग ते मंडळ असो वा मराठी क्लब.

पैशाचं लगेच सांगता येईल. टोस्टमास्टर्सची वर्गणी दर सहा महिन्यांनी, मूळ आकडा डॉलरमध्ये, वर क्लबाचा जागेचा खर्च. विद्यार्थ्याला ती जाणवते. कॉलेजचं मंडळ फुकट, स्पर्धेचं प्रवेश शुल्क किरकोळ, खरा खर्च प्रवासाचा. व्यक्तिमत्त्व विकासाच्या महागड्या क्लासांबद्दल एवढंच विचारा की महिन्यात मला किती वेळा बोलायला मिळेल? उत्तर दोनपेक्षा कमी आलं तर पैसे घरीच ठेवा.

अडखळत बोलणाऱ्यांसाठी

यात मला शंकाच नाही. क्लब. सौदी अरेबियाचा मोहम्मद कहतानी अडखळत बोलतो. तो २०१५ मध्ये टोस्टमास्टर्सच्या जागतिक भाषण स्पर्धेत पहिला आला. प्रत्येकानं तिथवर जावं असं नाही. पण ज्या खोलीत तेच वीस चेहरे दर पंधरवड्याला थांबून ऐकतात, तिथं अडखळणाऱ्या मुलाला वाक्य पूर्ण करायला वेळ मिळतो. दोनशेजणांच्या सभागृहात पहिल्याच दिवशी उभं केलेलं असं मूल पुन्हा माईकजवळ जात नाही. शिक्षकांनी कृपा करून ते करू नये.

तालुक्याच्या गावात यातलं काहीच नसेल तर

आठ मुलं, नगर वाचनालयाची एक खोली आणि रविवारची सकाळ, एवढ्यावर सुरुवात होते. स्मेडलींकडंही याहून फार काही नव्हतं. पुठ्ठ्याची तीन रंगांची कार्डं करा, मोबाईलवर वेळ लावा. प्रत्येक वेळी तिघांनी बोलायचं, तिघांनी त्यांचं ऐकून सांगायचं, एकानं सभा चालवायची, एकानं वेळ पाहायची. पुढच्या रविवारी कामं बदलायची. आणि आमच्या गटात मी एक नियम घातलाय, तोही घ्या. विषय वाचनालयातल्या एखाद्या पुस्तकातूनच काढायचा. त्यामुळं क्लबाची पद्धत आणि स्पर्धेचं वाचन दोन्ही साधतं. आमचा गट तीन वर्षं चाललाय आणि त्यातली दोन मुलं आता स्वतः स्पर्धांना परीक्षक म्हणून जातात. निकालानंतर थांबून ती प्रत्येक स्पर्धकाला दोन वाक्यं सांगतात.

पहिल्या दिवशी काय पाहावं

क्लबात पाहुणे म्हणून जाल तेव्हा भाषणापेक्षा मूल्यमापन ऐका. "तुमचा आत्मविश्वास छान होता" एवढ्यावर थांबतात, की "तिसऱ्या मिनिटाला तुम्ही आजीची गोष्ट सुरू केलीत आणि ती अर्धवट सोडलीत" असं नेमकं सांगतात? नेमकं सांगत असतील तर वर्गणी भरा. कॉलेजच्या मंडळात जाल तेव्हा सरांना विचारा की भाषण तुम्ही लिहून देता की आम्ही लिहायचं. लिहून देतो म्हणाले तर त्यांना नमस्कार करून ग्रंथालयाकडं वळा. आणि दोन्ही ठिकाणी सभा किती वाजता सुटते ते घरी आधी सांगून ठेवा.