डिझाइनच्या कामाला लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप?

गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्या लालबाग-परळ भागात डिझाइन करणाऱ्याला उसंत नसते. अहवाल, पावती पुस्तकं, वर्गणीची पत्रकं, देखाव्याचे फलक, फ्लेक्स. नेमक्या याच दिवसांत नव्याने कामाला लागलेली मुलं विचारतात, "दादा, लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप?" मी दोन्ही वापरले आहेत. २०१६ ते २०२१ लॅपटॉप आणि त्यानंतर ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून सुटे भाग घेऊन जुळवलेला डेस्कटॉप. त्यामुळे जे सांगतो ते माझ्या टेबलावरचं आहे. प्रोसेसर कुठला, एसएसडी हवी का, यात जात नाही. एसएसडी हवीच, आणि हल्लीचा मधल्या किमतीचा कुठलाही प्रोसेसर इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि कोरल ही डिझाइनची सॉफ्टवेअर व्यवस्थित चालवतो.

आधी लॅपटॉपची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. आमची खोली एकशे ऐंशी चौरस फुटांची. तिथे टेबल कायमचं मांडून ठेवायचं म्हणजे घरातल्या चौघांनी रोज त्याला वळसा घालायचा. लॅपटॉप काम झालं की कपाटावर जातो आणि त्या जागी अंथरूण पडतं. मंडळाच्या कार्यालयात बसून चिटणीसांसमोरच नावांची यादी दुरुस्त करता येते, ही सोय तर डेस्कटॉप कधीच देणार नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा मी एक पुस्तिका पुरी करत होतो. बॅटरीवर ती झाली आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून गेलीसुद्धा. त्या दिवशी घरात डेस्कटॉप असता तर यूपीएसने जेमतेम फाइल सेव्ह करण्याइतकाच वेळ दिला असता.

जाहिरात एजन्सीत नोकरी धरणार असाल, रोज सॅक पोटाशी धरून लोकलने जाणार असाल आणि कामही तिथलंच घरी आणणार असाल, तर पुढचं वाचूनही तुमचा निर्णय बहुधा लॅपटॉपचाच राहील. त्यात चूक काही नाही.

माझा निर्णय फिरला तो एका रंगावरून.

२०१९च्या ऑगस्टमध्ये एका मंडळाच्या अहवालाचं मुखपृष्ठ केलं. मागे सलग भगवा, त्यावर पांढऱ्यात मंडळाचं नाव. छपाईच्या चार शायांपैकी मजेंटा (गडद गुलाबी) ६०, यलो (पिवळा) १०० टक्के असा रंग भरला. लॅपटॉपवर तो मला फिका, आमरसासारखा पिवळसर दिसत होता. म्हणून मजेंटा थोडा वाढवला, मग आणखी थोडा. ७८वर गेल्यावर स्क्रीनवर मनासारखा भगवा दिसला. मुदत इतकी जवळ होती की मशिन प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, न बघताच फाइल दिली. छापून, लॅमिनेशन होऊन गठ्ठे आले तेव्हा चिटणीसांनी एक प्रत हातात घेतली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "हा आपला भगवा नाही रे. हा मारुतीचा शेंदूर झाला." त्यांचं बरोबर होतं. मुखपृष्ठं पुन्हा छापली, खर्च मी सोसला. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की, ज्या रंगाखाली लहानाचा मोठा झालो तोच रंग मला ओळखता आला नव्हता.

दोष सगळा स्क्रीनचाच होता असं छातीठोकपणे म्हणणार नाही. छपाईत शाई जरा चढू शकते, कागदाने फरक पडतो, लॅमिनेशनने रंग गडद दिसतो. पण नंतर तीच फाइल एका मित्राच्या चांगल्या मॉनिटरवर उघडली तर तिथे शेंदूर स्पष्ट दिसत होता. मग मी माझ्या लॅपटॉपच्या मागे लागलो. त्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असं होतं. घेताना त्याचा अर्थ मला कळला नव्हता. अर्थ असा की एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यातले साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग ती स्क्रीन दाखवू शकते, आणि गडद लाल-केशरी भागाला चांगलाच मार बसतो. तिथला लालच मुळात दुबळा. स्क्रीन भगवा फिका दाखवते, आपण मजेंटा वाढवून भरपाई करतो आणि ती भरपाई कागदावर शेंदूर होऊन उतरते. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या कित्येक लॅपटॉपांत अजूनही अशीच स्क्रीन असते. दुकानात रॅम आणि ग्राफिक कार्ड मोठ्या अक्षरात सांगतात, हा आकडा मात्र आपल्याला विचारून घ्यावा लागतो.

बरं, हा आकडा नीट बघून घेतला तर प्रश्न संपतो का? अर्धा संपतो. शंभर टक्के एसआरजीबीची स्क्रीन असलेले लॅपटॉप मिळतात, आणि मॅकबुकच्या स्क्रीन तर त्याहून मोठा पी३ रंगपट्टा दाखवतात. तिथे चूक उलट बाजूने होऊ शकते. स्क्रीनवर केशरी असा झळझळीत दिसतो की मन खूश होतं, पण आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातला, तो पेटता केशरी चार शायांच्या छपाईत बसतच नाही. कागदावर तो एक पायरी मंद होतो. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूत जाऊन प्रूफ कलर्स चालू केलं की ही उतरण आधीच दिसते. ती सवय कुठल्याही मशिनवर लावून घ्या.

उरलेला अर्धा प्रश्न उजेडाचा, आणि मला सगळ्यात जास्त जाचला तो हाच. लॅपटॉप फिरतो, त्याच्याबरोबर उजेडही फिरतो. सकाळी खिडकीजवळ, दुपारी मंडळाच्या कार्यालयात निळसर ट्यूबखाली, रात्री घरच्या पिवळ्या बल्बखाली. माझ्या लॅपटॉपचं झाकण चार बोटं मागे केलं तरी भगव्याची छटा बदलायची. चार्जर काढला की वीज वाचवण्यासाठी स्क्रीन आपोआप मंद व्हायची आणि तिचा उठावही बदलायचा. एका दिवसात एकच मुखपृष्ठ मी तीनदा 'दुरुस्त' केल्याचं आठवतं, आणि तिन्ही वेळा ते मला खरंच चुकलेलं वाटलं होतं. रंग ठरवायचा तर डोळ्याला एक पक्की जागा लागते. तीच स्क्रीन, तेच अंतर, तोच उजेड.

लॅपटॉपलाच बाहेरचा मॉनिटर जोडण्याचा मधला मार्ग मीही काही महिने वापरला. मॉनिटर आल्याआल्या काम सुधारलं, हे मान्यच. पण शेजारी लॅपटॉपची स्क्रीन उघडी असली की एकाच फाइलचे दोन भगवे समोर दिसतात आणि डोळा जास्त उजळ असेल त्याच्यावर विश्वास ठेवतो. झाकण बंद करून चालवलं तर माझा लॅपटॉप तापायचा, पंखा घरघरायचा. तरी पैसे एकाच मशिनपुरते असतील आणि बाहेर जाणं टळत नसेल तर हाच मार्ग घ्या. फक्त रंगाचा शेवटचा निर्णय नेहमी मॉनिटरवर करा.

डेस्कटॉपचा दुसरा फायदा हळूहळू लक्षात येतो. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स पूर्ण मापात ७२ डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरून, केला तर तो १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतो. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, त्याचा एकच सपाट थर जवळपास ६०० एमबी भरतो. त्यावर कार्यकर्त्यांचे पंधरा फोटो, सावल्या, मास्क चढले की आठ जीबी रॅम गुदमरते. माझ्या लॅपटॉपची रॅम बोर्डालाच चिकटवलेली होती, वाढवायची सोयच नव्हती. डेस्कटॉप १६ जीबीवर सुरू केला आणि वर्षभराने हातात पैसे आले तसे आणखी १६ घातले. २०२१मध्ये ग्राफिक कार्डांचे भाव अस्मानाला भिडले होते, म्हणून कार्ड न घेताच मशिन जुळवलं. प्रोसेसरमधल्या ग्राफिकवर दीड वर्ष निभावलं आणि कोरल-इलस्ट्रेटरच्या कामात फारसं अडलं नाही. असं टप्प्याटप्प्याने घेणं आपल्यासारख्या कामागणिक पैसे मिळणाऱ्यांना परवडतं.

मॅक की विंडोज हा वाद थोडक्यात उरकतो. ॲपलचा मॅक मिनी हाही डेस्कटॉपच आहे, लहान जागेत मावतो, आणि त्याच्यामुळे मॉनिटर आपल्या पसंतीचा घेता येतो. २०२४च्या शेवटी आलेल्या एम४ मिनीत सुरुवातच १६ जीबीपासून आहे, मात्र मेमरी घेतानाच ठरवावी लागते. एजन्सीचं, ब्रँडिंगचं, पडद्यावरचं काम करणाऱ्याला मी तो आनंदाने सुचवेन. माझं काम मात्र गल्लीतलं. फ्लेक्सवाला कोरलची फाइल मागतो. कोरल २०१९पासून मॅकवरही परतलं आहे, त्यामुळे तेवढ्याने अडत नाही. अडतं ते मजकुराशी. मंडळाचा गेल्या दहा वर्षांचा मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेल्या जुन्या, फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तो फाँट नसलेल्या मशिनवर 'अध्यक्षांचे मनोगत' म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. रात्री अकराला असा मजकूर आला की विंडोजवर मी निश्चिंत असतो. पानं जुळवायच्या इनडिझाइनमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटत असतील तर ते मशिनचं दुखणं नाही. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा, 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' सरळ दिसतील. फाँटमध्ये मात्र ती अक्षरं असायला हवीत.

जागेचा प्रश्न मी कसा सोडवला तेही सांगतो, कारण घरी सगळ्यांचा विरोध त्यालाच होता. भिंतीला घडीची फळी लावली, मॉनिटर भिंतीवरच्या हातावर, लहान कॅबिनेट माळ्याच्या खालच्या कोनाड्यात. मॉनिटर खिडकीकडे तोंड करून ठेवलेला नाही. वरची ट्यूब बदलून ५००० केल्विनची लावली, कारण प्रूफ बघायला छपाईवाले तोच उजेड धरतात. मॉनिटर भरपूर प्रखर येतो, तो बराच खाली आणावा लागतो. कागदाच्या कामाला शंभर-सव्वाशे निट (प्रखरतेचं माप) पुरतात. कॅलिब्रेशनचं, म्हणजे मॉनिटरचे रंग मापून जुळवायचं, उपकरण आम्ही चार मित्रांनी मिळून घेतलं आणि आळीपाळीने वापरतो. यूपीएस घेताना हात आखडू नका.

माझं मत विचाराल तर डेस्कटॉपकडे झुकतं, हे एव्हाना कळलंच असेल. तुमचं काम माझ्यासारखं छपाईचं असेल तर तुमचंही तिकडेच झुकेल असं वाटतं. फक्त इन्स्टाग्रामची पोस्ट आणि व्हिडिओ करणाऱ्याचं गणित वेगळं. त्याचा रंग शेवटी लोकांच्या मोबाइलवरच दिसायचा आहे, तेव्हा चांगल्या स्क्रीनचा लॅपटॉप त्याला पुरेल.

पैसे कमी असतील तर आधी मॉनिटर चांगला घ्या. शंभर टक्के एसआरजीबी, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारी) स्क्रीन, चोवीस किंवा सत्तावीस इंच. त्याला सुरुवातीला जुना वापरलेला डेस्कटॉप जोडला तरी चालेल. एवढंच बघा की तो विंडोज ११ घेतो का, कारण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ग्रँट रोडला उतरलात की दुकानात जाण्याआधी आपल्याच कामाची एक फाइल आणि तिची छापील प्रत पिशवीत असू द्या. मॉनिटरवर ती फाइल उघडायला सांगा, प्रत शेजारी धरा आणि भगव्याकडे बघा.